माय माझ्यासोबत धावली तो हिवाळा

नागपुरात थंडी आधी नाकाला कळते. दुपारी ऊन चांगलं चटकत असतं, पंखा बंद करावा की नाही यावर घरात अजून एकमत झालेलं नसतं, शाली ट्रंकेतच असतात. आणि एका पहाटे दार उघडून बाहेर पाऊल टाकावं तर पहिलाच श्वास नाकपुडीच्या आत बारीक चिमटा काढून जातो. त्या हवेला विझत आलेल्या शेकोटीचा वास असतो, आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीवर रात्री झाकून ठेवलेल्या संत्र्यांचाही. तो पहिला श्वास मी थोडा वेळ आत धरून ठेवते. साठी केव्हाच उलटली, गुडघे कुरकुरायला लागले; पण त्या एका श्वासापुरती मी दहावीत असते, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट असतात आणि माझ्या शेजारी माय धावत असते.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. आम्ही उत्तर नागपुरात राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर बोळ आणि बोळाच्या तोंडाशी विहार. बाबा एस.टी.त कंडक्टर होते, उमरेडच्या गाडीवर. पहाटेची पहिली गाडी बहुतेक त्यांचीच असायची, त्यामुळे मी उठायच्या आत त्यांची सायकल बोळातून निघून गेलेली असे. मी एकुलती एक. मायचं नाव अनसूया. माहेर नरखेडकडचं. तिचे वडील तिथे दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राखणदार होते, आणि लहानपणी त्यांची शिदोरी पोचवायचं काम तिचं होतं. गावापासून बाग दूर. भाकर गार व्हायच्या आत पोचायचं म्हणून ती बांधाबांधानं पळत जायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आपली आई कधी पळत असेल असं कोणत्या पोरीच्या मनात येतं?

आमच्या शाळेत विज्ञान आणि खेळ हे दोन्ही विषय मोघे बाईंकडे होते. उंच, सडपातळ बाई. गळ्यात शिट्टी आणि पदराच्या टोकाला खडूची पूड. त्यांनी मला आठशे मीटरसाठी निवडलं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेतून मी पुढे गेले आणि संक्रांतीनंतर विभागाची स्पर्धा ठरली. बाई म्हणाल्या, "तिथे पहिल्या दोघींत आलीस तर राज्याला जाशील. राज्याला गेलेल्या मुलीला पुढे शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळणं सोपं जातं. पण पहाटे धावायला हवं. रोज."

घरी सांगितलं तेव्हा बाबा तिकिटांची पेटी पुसत बसले होते. म्हणाले, "अंधारात पोरगी एकटी कशी जाईन? मी त ड्युटीवर असतो."

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी जातो न तिच्यासंग."

"तू काय करशीन तिथं?"

"धाविन. मैदानात दुसरं काय करते माणूस?"

बाबा हसले. त्यांना वाटलं, ही कोपऱ्यात बसून राहील. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या पहाटेची माय मला अजून दिसते. एरवी गोल पातळ नेसणाऱ्या तिनं कासोटा मारला होता, वरून बाबांचा जुना खाकी स्वेटर, डोक्याला रुमाल. मैदानाच्या कडेला तिनं चपला काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या, जशी ती विहाराच्या पायरीशी ठेवायची. गवत दवानं ओलं होतं. "चाल," म्हणाली, आणि निघाली. मी दोन पावलं मागंच राहिले. ती धावत होती म्हणण्यापेक्षा जमीन तिच्या पायाखालून सरकत होती म्हणावं, इतकं ते सहज होतं. हात शरीराजवळ, खांदे सैल, तोंड मिटलेलं. मी मात्र पहिल्याच वळणावर आ वासून हवा गिळू लागले.

"तोंड मीट वं," ती धावता धावता म्हणाली. "नाकानं घे. थंडी हाय. सोडताना बी हळूच सोड."

काही पावलं आत, तेवढीच पावलं बाहेर. तिच्या पावलांना मी माझा श्वास बांधला आणि मैदानाची एक फेरी पुरी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज पोटात कळ आलेली नाही. थांबलो तेव्हा आमच्या दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती. तिनं माझ्या चेहऱ्यावर फुंकर मारली. माय माझ्याशी अशी खेळल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मग रोजच सुरू झालं. पहाटे शुक्र अजून वर असायचा. बोळातून जाताना कुणाच्या तरी घरी बंब पेटलेला असायचा, त्याचा धूर कानावर टोपी ओढावी तसा घरांवर बसलेला. मैदानावर आम्ही दोघीच. बोलणं फारसं व्हायचं नाही, कारण धावताना बोलता येत नाही. बोलायला लागणारी हवा पायांनी मागून घेतलेली असते. पण मला आज वाटतं, आम्ही एकमेकींशी जितक्या त्या मैदानावर बोललो तितक्या आयुष्यात कधी बोललो नाही. तिचा श्वास माझ्या उजव्या कानाशी असायचा. तो जरा लांबला की मला कळायचं, आता वळण येतंय, ती वेग कमी करणार. तो आखूड झाला की कळायचं, आता ती मला हरवायला बघते आहे.

त्याच दिवसांत वर्गात श्वसनसंस्था आली. बाईंनी टेबलावर एक काचेची हंडी आणून ठेवली. आत नळीला दोन फुगे लटकवलेले, आणि हंडीच्या तळाला रबराचा पडदा ताणून बांधलेला. बाईंनी विचारलं, "आपण हवा आत ओढतो. बरोबर?" सगळ्या मुली हो म्हणाल्या. बाईंनी तळाचा पडदा हलकेच खाली ओढला. कुणीही न फुंकता दोन्ही फुगे फुगले.

"हवा ओढावी लागत नाही," बाई म्हणाल्या. "फक्त तिच्यासाठी जागा करावी लागते. छातीच्या तळाशी श्वासपटल असतं, घुमटासारखं. ते खाली सरकून सपाट होतं, बरगड्या थोड्या वर येतात, छातीत जागा होते. मग हवा आपल्या पायांनी येते."

त्यांनी आम्हाला बरगड्यांखाली हात ठेवून बसायला लावलं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा येते, बाई सांगत होत्या, आणि ती सोडायला काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस आपोआप मिटतं. धावताना तेवढ्यानं भागत नाही. पाय जास्त प्राणवायू वापरतात, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र ते ओळखून छातीला घाई करायला लावतं. मग श्वास खोल होतो, भरभर होतो. नाक पुरत नाही, तोंड आपण होऊन उघडतं. पोटाचे स्नायू हवा बाहेर रेटतात, आणि फारच झालं तर मानेचे स्नायूसुद्धा बरगड्या उचलायला येतात. "गंमत अशी," बाई म्हणाल्या, "की शर्यतीची शिट्टी वाजायच्या आधीच श्वास वाढलेला असतो. पाय निघायच्या आधी मन निघतं."

संध्याकाळी चुलीपाशी बसून मी मायला सगळं सांगितलं. ती भाकर थापत होती. जागा करण्याचं ऐकून तिचा हात क्षणभर थांबला.

"म्हणजे हवा भाड्यानं येणारी नाई. जागा दिसली का येते."

"आणि जागा नसली की?"

"मंग दारातच उभी राहत असंन बिचारी," म्हणत तिनं भाकर तव्यावर टाकली.

डिसेंबर संपत आला तशी ती मागं पडायला लागली. आधी दुसऱ्या फेरीत, मग पहिल्याच. मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याशी ती टेकायची. "तू जाय, मी पायतो तुले इथून," म्हणायची. मला वाटलं, घरकामानं दमत असेल. पाणी भरणं, लाकडं, धुणं, सगळं एकटीचं. पण रविवारी विहारात भन्ते सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगत, तेव्हा माझं लक्ष गेलं. बाकीच्या बाया शांत बसलेल्या असत, आणि माय थोड्याच वेळात उठून बाहेर पायरीवर येऊन बसे. मी विचारलं तर म्हणाली, "त्याच्याकडं पाह्यलं का तो आणखीच घाई करते." सकाळी अंथरूण काढताना तिच्या उशीखाली घडी करून ठेवलेली गोधडी सापडू लागली. सपाट झोपलं की गुदमरल्यासारखं होतं, असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एका पहाटे मी फेरी पुरी करून कडुनिंबापाशी आले. थंडी कडक होती. ती बसलेली होती, धावली तर नव्हतीच. आणि तरी तिच्या गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा ताठ झाल्या होत्या. शर्यतीच्या शेवटच्या वळणावर माझ्या शरीरात जे घडायचं ते सगळं तिच्या बसलेल्या शरीरात घडत होतं. फारच झालं तर मानेचे स्नायूसुद्धा कामाला येतात, हे बाईंचं वाक्य मला आठवलं.

"माय, काय होऊन राहिलं तुले?"

"काई नाई वं. वय झालं."

ती पस्तिशीचीही नव्हती.

मी त्याच दिवशी बाईंना सांगितलं. दुसऱ्या पहाटे त्या लेडीज सायकलवर मैदानात हजर. इकडचं तिकडचं बोलल्या, मायच्या कासोट्याचं कौतुक केलं, आणि बोलता बोलता तिचं मनगट हातात घेतलं. मायला वाटलं, नाडी बघतायत. मी बघितलं, बाईंची नजर मनगटावर नव्हतीच. ती मायच्या पदराच्या वरखाली होण्यावर होती. नंतर सायकल हातात धरून चालताना त्यांनी मला सांगितलं, "श्वास मोजतोय हे माणसाला कळू द्यायचं नसतं. कळलं की तो बदलतो. एवढीच एक गोष्ट शरीरात अशी आहे, आपलं लक्ष नसतानाही चालते आणि आपण हात घातला की आपल्या हातातही येते." मग म्हणाल्या, "बाबांना सांग, उद्याच दवाखान्यात न्या. माझं नाव सांग, पण न्याच."

माय तयार नव्हती. "पोरीची रेस होऊ दे, मंग पाहू," एवढंच तिचं म्हणणं. बाबा एरवी तिच्या शब्दाबाहेर नसत. त्या दिवशी त्यांनी रजा टाकली, रिक्षा बोलावली आणि म्हणाले, "शोभाची माय, गाडी सुटली. बसाचं तेवढं बाकी हाय."

मोठ्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी मायच्या छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. मग विचारलं, "बाई, दम कधी लागतो? काम करताना, की नुसतं बसल्यावरही?"

माय विचारात पडली.

"बसूनच कधी पाह्यलं नाई, सायेब," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे त्यांनी विचारलं. आला होता. वडलांजवळ बागेतल्या झोपडीत ती एक अख्खा हिवाळा निजून होती. गुडघे वडाच्या गाठीसारखे झाले होते, मग आपोआप उतरले आणि सगळे विसरून गेले. डॉक्टर म्हणाले, तो ताप गेला पण जाताना हृदयातल्या एका झडपेला हात लावून गेला. ती झडप वर्षानुवर्षं आवळत आली आहे. रक्त पुढे सरकत नाही, मागं फुप्फुसात तुंबतं. "फुप्फुस हलकं असतं, स्पंजासारखं. यांचं ओलं होऊन जड झालंय. आपल्याला जे करायला काहीच लागत नाही, त्यासाठी यांना दिवसभर राबावं लागतं." ऑपरेशन करावं लागेल. तोवर गोळ्या आणि आराम. पाण्याच्या कळश्या नाहीत, जिना नाही. धावणं तर नाहीच.

रिक्षा घराकडे निघाली. मी मनातल्या मनात त्या पहाटा उलगडत होते. आवळलेली झडप घेऊन ही बाई माझ्यापुढे धावत होती. तिला लागणारा दम तिनं आयुष्यभर सगळ्यांनाच लागतो असा समजून घेतला होता, कारण दुसऱ्याच्या छातीत डोकावून पाहायची सोय नसते.

पाणी भरायचं काम बाबांनी घेतलं. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते नळाच्या रांगेत उभे राहत तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसत. बाबा शांतपणे म्हणत, "पुढं सरका, पुढं सरका," आणि त्यांच्या त्या गाडीतल्या आवाजावर रांग खरोखरच पुढे सरके. मैदानावर माझ्यासोबत आता मोघे बाई येत. त्या वेळ लावत, ओरडत, वळण कसं घ्यायचं ते दाखवत. मी जोरात धावायला लागले होते. पण उजव्या कानाशी कुणी नव्हतं. माणूस शेजारून गेल्यावर तिथली हवा काही वेळ त्याची असते, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

घरी माय बसून असायची. बसायची सवय नसलेली बाई बसायला शिकत होती, आणि तिला ते फार अवघड जात होतं. मी अभ्यासाला तिच्याजवळ बसायची आणि मोठ्यानं वाचायची. वायुकोश इतके नाजूक असतात की त्यांची भिंत आणि रक्तवाहिनीची भिंत मिळूनही कागदाहून कितीतरी पातळ. तिथे देवाणघेवाण होते, प्राणवायू आत जातो, नको ते बाहेर येतं. ती ऐकत असायची. एकदा म्हणाली, "इतकं काम आतमधी चालते अन् आपण म्हणतो, काई नाई करून राहिलो, बसून हाओ."

संक्रांत झाली. शर्यतीच्या दिवशी तिनं हट्ट धरला. बाबा आदल्या दिवशी जाऊन डॉक्टरांना विचारून आले होते: रिक्षानं न्या, खुर्चीवर बसवा, चालवू नका. मैदानाच्या कडेला मांडव होता, त्याच्या सावलीत बाबांनी एक लोखंडी खुर्ची मिळवली. माय त्यावर बसली, धुतलेलं पांढरं पातळ नेसून, अंगावर शाल. बाबा मागं उभे.

रेषेवर उभी राहिले तेव्हाच माझा श्वास वाढला होता. शिट्टी झाली. पहिल्या फेरीत मी तिसरी होते, सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मग मांडव आला आणि मी तिकडे पाहिलं.

माय माझ्याबरोबर श्वास घेत होती. खुर्चीत बसून, पुढे झुकून, माझ्या पावलांच्या तालावर. तिचे खांदे वरखाली होत होते, तोंड उघडं होतं, मानेच्या त्या शिरा मला इतक्या लांबूनही दिसल्या. बाबांचा हात तिच्या पाठीवर होता. माझे पाय आपोआप मंदावले. मला वाटलं, मी हळू झाले तर ती हळू होईल. मला मागं टाकून एक पोरगी गेली, मग दुसरी. बाई कुठूनतरी ओरडत होत्या. मी मागं वळून पुन्हा मांडवाकडे पाहिलं, आणि मायनं ते पाहिलं असावं.

मैदानाच्या पलीकडच्या बाजूनं धावत असताना मी पुन्हा तिकडे बघितलं तर खुर्ची फिरलेली होती. माय मैदानाकडे पाठ करून बसली होती. समोर नुसती कापडी कनात. तिची सरळ, न हलणारी पाठ मला दिसत होती, आणि तिच्या कानाशी वाकलेले बाबा.

मग मी धावले. त्यानंतरचं मला फार आठवत नाही. छातीत जाळ होता, पोट पाठीला लागत होतं, तोंडात लोखंडाची चव होती. मी कुणाकुणाच्या पुढे गेले ते नंतर इतरांनी सांगितलं. दोरीपाशी मी दुसरी होते.

बऱ्याच वेळानं श्वास खाली बसला तेव्हा मी मांडवात गेले. खुर्ची अजून तशीच होती. मी समोर जाऊन जमिनीवर बसले.

"तू पाह्यलंच नाई, माय."

"तुह्या बाबानं सांगतलं न सारं. आता वळली, आता तिले गाठली. गाडीतले स्टॉप सांगते तसं."

"पाठ काहून फिरवली?"

"तू मले पाहून राहिली होती," ती म्हणाली. तिचा श्वास अजून एका वाक्याला पुरत नव्हता, मध्ये थांबली. "धावताना समोर पाहाव, बाई."

मला जिंकताना पाहण्यासाठी ती रिक्षानं आली होती, आणि नेमकं तेवढंच तिनं पाहिलं नाही. पुढे मी पुष्कळ धावले, पण ती बघायला आहे अशी शर्यत पुन्हा झाली नाही.

राज्याच्या स्पर्धेत माझा नंबर शेवटून मोजावा असा आला, आणि परत आले त्या आठवड्यात मायचं ऑपरेशन झालं. डाव्या बाजूला बरगड्यांमधून, पाठीपर्यंत गेलेला टाका. झडप मोकळी झाली, डॉक्टर म्हणाले, रक्त पुढे चाललं. पण आता दुखण्यामुळे ती खोल श्वासच घेईना. फुप्फुसाचा तळ उघडला नाही तर तिथे कफ साठेल म्हणून नर्सबाईंनी पाण्याची बाटली आणि रबरी नळी दिली. नळीतून फुंकायचं, बुडबुडे काढायचे, मग सावकाश खोल श्वास. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. मी तिच्या खाटेशी बसून पुस्तक वाचायची, ती बुडबुडे काढायची. वॉर्डाच्या खिडकीतून आता थंडी नाही, फाल्गुनातलं ऊन यायचं. ती थांबली की मी टाक्याच्या खाली, तिच्या बरगडीवर तळहात ठेवायची. "इथं, माय. माझ्या हाताखाली जागा कर." ती डोळे मिटायची, चेहरा कळवळायचा, आणि हळूहळू माझा हात वर उचलला जायचा. इतकी मोठी गोष्ट माझ्या तळहाताखाली त्याआधी कधी घडली नव्हती, त्यानंतरही नाही.

त्या वर्षी श्वसनसंस्थेवर प्रश्न आलाच नाही. पचनसंस्थेवर आला.

मी पुढे शारीरिक शिक्षण घेतलं आणि मुलींच्या शाळेत नोकरीला लागले. हिवाळ्याच्या पहाटे कितीतरी पोरी माझ्यासमोर धावल्या. मी त्यांना बरगड्यांखाली हात ठेवायला लावलं, हवा ओढायची नसते ते सांगितलं. कुणी कडेला बसून राहिली तर तिला दमदाटी करण्याआधी मी तिच्या गळ्याच्या खळग्याकडे बघायची. पण शिकवता शिकवता मध्येच मला ती ओली हिरवळ आठवायची, आणि वाटायचं, कुणीतरी आता उजव्या बाजूनं येईल, तोंड मीट म्हणेल. माणसं गेली की त्यांचे फोटो राहतात, त्यांची पातळं राहतात, आवाज एखाद्या नातवंडात सापडतो. श्वास मात्र कुणाचाच मागं राहत नाही. आणि मला मायचा तोच हवा असतो.

ऑपरेशननंतर ती पुष्कळ वर्षं जगली. सपाट उशीवर झोपली, पाणी भरलं, विहारात सगळ्यांच्या शेवटी उठू लागली. माझं लग्न तिनं उभं राहून लावलं. गेली तीही शांतपणे, एका दुपारी, झोपेत. पण धावली मात्र नाही. डॉक्टरांनी नंतर हरकत घेतली नव्हती. तिचीच छाती त्या गोष्टीला बिचकत होती.

एकदाच. मला नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते, आणि आम्ही दोघी तिच्या माहेरी मावसभावाच्या लग्नाला गेलो होतो. परतताना फाट्यावर उभ्या होतो. दोन्ही बाजूंना बागा, झाडांखाली तोडलेल्या संत्र्यांचे ढीग, कुठेतरी विहिरीवर पंप चालू. गाडी आली ती फाट्यावर न थांबता बरीच पुढे जाऊन थांबली. मी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि म्हणणार होते, जाऊ दे, मागून दुसरी येईल. तेवढ्यात शेजारून काहीतरी सुटल्यासारखं गेलं. मायनं पातळ एका हातात धरलं होतं आणि ती रस्त्याच्या कडेच्या मातीतून पळत होती, खांदे सैल, तोंड मिटलेलं. मी पिशव्या घेऊन मागं. ती पोचली, दांडी धरून वर चढली, आणि मी चढेपर्यंत तिनं दारातून हात दाखवून गाडी थांबवून धरली.

आत जागा मिळाली. ती खिडकीशी बसली. छाती जोरात वरखाली होत होती, गाल लाल झाले होते, केस कपाळावर आले होते. मी तिच्याकडे वळून तिचा गळा बघू लागले.

"माय, दम लागला तुले?"

ती खिडकीबाहेर बघत होती. झाडं मागं जात होती. श्वास हळूहळू खाली येत होता, आपोआप, कुणी काही न करता.

"लागन न," ती म्हणाली. "धावली न मी."